एक ओळ वर

प्रिय छोटे,

आई फोन स्पीकरवर टाकून घरभर हिंडते, म्हणून हे लिहून पाठवते आहे. एकटीने वाच.

आईचा रक्ताचा रिपोर्ट आमच्याच लॅबमधून नॉर्मल आला, तेव्हा तू मला चिडवलं होतंस, "ताई, तुझ्या कॉम्प्युटरने पहिल्यांदाच काहीतरी चांगलं केलं." आईने तर गोळ्यांचा डबा माळ्यावर टाकला आणि शेजारच्या काकूंना ऐकवलं, "डॉक्टरांना काय कळतंय!" मीही हसले होते.

काल एक गृहस्थ काउंटरवर भांडायला आले. त्या दिवशीच्या यादीत त्यांचं नाव शेवटचं आणि रिपोर्ट कोरा. साहेब म्हणाले, "बघ जरा." आमच्याकडे दोन फाइली असतात. एकीत नावं, दुसरीत निकाल, एका माणसाची एक ओळ. प्रोग्राम दोन्हींच्या ओळी वाचून दोन ॲरे, म्हणजे क्रमाने लावलेल्या याद्या, करतो आणि पाचव्या नावाला पाचवा निकाल जोडतो. एकाऐवजी शून्यापासून मोजणारी आम्ही प्रोग्रामवाली माणसं, असं तू म्हणतेस. पण यात शून्याचा दोष नाही. एका बाईंचं रक्त नळीतच गोठून वाया गेलं होतं, म्हणून त्यांच्या निकालाची ओळ रिकामी होती. प्रोग्राम रिकाम्या ओळी कचरा समजून गाळतो. ती गळली आणि खालचे सगळे निकाल एकेक ओळ वर सरकले. प्रत्येकाला पुढच्याचा निकाल मिळाला, शेवटच्याला काहीच नाही.

आईचं नाव त्या रिकाम्या ओळीच्या खाली आहे.

मी गाळणं बंद केलं, प्रोग्राम पुन्हा चालवला. घाईत आधी भलतीच फाइल उघडली. मग साहेब आणि मी एकेकाला फोन करत बसलो. आईच्या लगेच वरचं नाव मी मागून घेतलं. शाळेत शिकवतात त्या. इतके दिवस आईचा निकाल त्यांच्या हातात होता. "तो रिपोर्ट तुमचा नव्हता, तुमचा चांगला आहे," म्हटल्यावर त्या रडायलाच लागल्या. "पोरी, तुझ्या तोंडात साखर पडो," म्हणाल्या. मग विचारलं, "आणि ज्यांचा होता त्यांचं काय गं?"

तू आधी गोळ्यांचा डबा खाली काढ. उद्या सकाळी आईला उपाशीपोटी घेऊन ये. पुन्हा रक्त द्यायचंय, एवढंच सांग. बाकीचं मी सांगेन. तू फक्त तिच्या शेजारी बस.

तुझीच,
लॅबच्या दारात उभी असेन ती ताई