ठमीने अडवलेली लाँच

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त मनातल्या मनात घातलाय.) तुझा दमा आणि तुझी शेजारीण, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे आपल्या ठमीने पराक्रम केलाय.

माझी ही धाकटी बहीण हवामान कचेरीत नक्की काय करते, हे मलाही आत्ताच कळलं. अख्ख्या महासागरावर हवेचा दाब कुठे किती, याचे नकाशे मोठे संगणक काढतात. पण त्यांत आपली खाडी ठिपक्याएवढीही दिसत नाही. ठमीने वर्षानुवर्षांचे ते नकाशे आणि खाडीतल्या तरंगत्या यंत्राने मोजलेला वारा शेजारी शेजारी ठेवले, आणि तिकडे दाब असा पसरला की इकडे पाण्यावर वारा कसा सुटतो, ते नातं शोधून काढलं. (मला दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा रागावून.)

तर परवा नव्या लाँचची पहिली फेरी. धक्क्यावर बँड, पाहुणे, पोरंबाळं, आणि केसांचा नवा टोप घालून मी. समुद्र ताटासारखा सपाट. तेवढ्यात ठमी धावत आली आणि कप्तानाला म्हणाली, "आत्ता सुटू नका. आडवा वारा येणार."

तिचे साहेब खेकसले, "अहो बाई, पान तरी हलतंय का?"

ठमी जागची हलली नाही. "नाही हलत. तरी सुटू नका."

कप्तानाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि इंजिन बंद केलं. मग काय, सगळे तिच्यावर हसायला मोकळे. मी तिच्या शेजारीच उभा होतो, पण लांबचा नातेवाईक वाटेन अशा बेताने.

आणि आला की गं! मंडप उलटला, साहेबांचं भाषण पानापानाने उडालं, माझा टोप थेट बँडवाल्याच्या तुतारीत. जिथे एव्हाना लाँच असती तिथे पुरुषभर लाटा उठल्या. कप्तान कडेवरच्या पोरांकडे बघत राहिला, मग ठमीपुढे येऊन त्याने नुसते हात जोडले. ठमी मात्र डोळे पुसत पुटपुटत होती, "उशिरा आला. माझं कुठेतरी चुकतंय." आत्या, एवढा अभिमान मला स्वतःचाही कधी वाटला नाही (आणि तो बऱ्यापैकी वाटतो, तू जाणतेस).

तुझा आज्ञाधारक (सध्या टकला) भाचा

ता. क. ठमीला तीन महिने जहाजावरून भर समुद्रात जायचंय, तिथला वारा मोजायला. बाबा ऐकत नाहीत, आणि ते घाबरतात फक्त तुला. त्या दिवसांत समुद्र शांत असतो, एवढं त्यांना ठणकावून लिही.

आणखी ता. क. तेव्हा तिथे वारा कसा असेल, असं मी ठमीला विचारलं. म्हणाली, "भयंकर. म्हणून तर जायचंय." हे मात्र लिहू नकोस.