बायडीआजींच्या विहिरीखालचा निळा पट्टा

बोईसर, १२ जानेवारी २०२५

ती. अप्पांस, प्रतीक्षाचा शि. सा. न.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की शेजारचे भिंत ठोकतात, म्हणून पत्र. कामाचं विचारलं होतंत. एका बंद पडलेल्या कारखान्याचं रसायन जमिनीखाली कुठवर पसरलंय, ते न खणता शोधायचं. पाच-पाच मीटरवर सळया ठोकून जमिनीत थोडी वीज सोडतो. रसायन मुरलेल्या जागेतून ती सहज जाते, कोऱ्या खडकात अडते. त्यावरून संगणक जमिनीच्या पोटाचं चित्र काढतो. वीज सहज गेली, तिथे निळा रंग.

सध्या आमची रांग एका पाड्यावर बायडीआजींच्या अंगणातून जाते. मुलगा नवशा सुरतेला, आजी एकट्या. पण त्यांच्या विहिरीवर दोन्ही वेळा अख्खा पाडा पाण्याला येतो, आणि कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न मोडलं, सगळं आजींना काठावर बसल्या बसल्या कळतं. मला काळा चहा पाजतात. इथे आल्यापासून जेवलीस का म्हणून विचारणाऱ्या त्या एकट्याच.

लेकीला दोन ओळी टाकत जा.
तुमची प्रतीक्षा


साकूर, २१ जानेवारी

चि. प्रतीक्षास अनेक आशीर्वाद.

वायरमन म्हणून तीस वर्षं मी लोकांना शॉकपासून वाचवलं, आणि माझी पोरगी जमिनीलाच शॉक देत फिरते! रबरी बूट घालतेस ना? मी बरा आहे. टीव्ही आवाज बंद करूनच बघतो. कोण काय बोलतंय ते आपल्या मनाने ठरवतो.

त्या विहिरीचं पाणी तपासलंत का? चहा तिथलाच पितेस, म्हणून विचारतो.

जिवाला जप.
अप्पा


बोईसर, २७ फेब्रुवारी

ती. अप्पांस, शि. सा. न.

तुम्हाला शंका आली तेच झालं. चित्रातला निळा पट्टा कारखान्याकडून निघून थेट आजींच्या विहिरीखाली गेलाय. आमचे शैलेशसाहेब म्हणाले, समुद्र जवळ आहे, खाऱ्या पाण्यानेही निळं दिसतं. विहिरीच्या पाण्याच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत बोलू नकोस. मला राहवेना. आजींना सांगितलं, तोवर हे पाणी पिऊ नका. त्या भडकल्या. म्हणाल्या, माज्या सासऱ्यानं खणलेली इहीर हाय, पानी गोड हाय, तू चार सळया ठोकून तिला नाव ठेवतेस?

निकाल आला. मीठ नव्हतं, रसायनच होतं. पंचायतीने विहिरीवर जाळी ठोकली. टँकर रस्त्याच्या तोंडाशी उभा राहतो, बायका तिकडेच जातात. आजींच्या अंगणात आता कुणी येत नाही. मी गेले तर त्या उठून आत गेल्या. पाणी वाईट होतं हे खरं, अप्पा, पण त्यांची माणसं मी तोडली.

प्रतीक्षा


साकूर, ६ मार्च

चि. प्रतीक्षास आशीर्वाद.

जिवंत तार दिसली की खटका पाडायचा, घरातले काय म्हणतील ते बघायचं नाही. तू तेच केलंस. पण खटका पाडून निघून आलीस, ते मला पटलं नाही. तुझ्या आईच्या दहाव्यापर्यंत आपल्याकडे पाय ठेवायला जागा नव्हती. नंतर लोकांना वाटलं, या झुंबर वायरमनला ऐकूच येत नाही, तर येऊन बोलायचं काय. बोलायचं काही नव्हतंच गं. नुसते बसले असते तरी चाललं असतं.

यंत्र न घेता जा.
अप्पा


बोईसर, ४ एप्रिल

ती. अप्पांस, शि. सा. न.

गेले. तीन संध्याकाळी आजींनी पाठ फिरवली. चौथ्या दिवशी म्हणाल्या, ते चित्र दाव. निळ्यावर बोट ठेवून विचारलं, आता फुडं कोनाची इहीर? मी म्हटलं, पलीकडच्या पाड्याची, पण तिथले लोक आम्हाला सळया ठोकू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी आजी काठी टेकत आमच्यापुढे चालल्या. तिथल्या बायकांना म्हणाल्या, माजी गेली, तुमची हाय तवर यांना बगू द्या.

मोजणी झाली. ती विहीर अजून चांगली आहे. पट्टा तिथे पोचायच्या आत मध्येच बोअर घेऊन खराब पाणी उपसायचं ठरलंय.

तरी आजींच्या अंगणात कुणी फिरकत नाही. संध्याकाळी मी जाते. बोलणं फारसं होत नाही. अंधारून आलं की त्या म्हणतात, जा आता; मी आणखी थोडा वेळ बसते.

पुढच्या शनिवारी साकूरला येतेय. साहेबांनी रजेचं कारण लिहायला सांगितलं. घरी वडील एकटे आहेत, एवढंच लिहिलं.

प्रतीक्षा