चंद्रीची धार

मार्गशीर्ष वद्य ३, शके १८३०
...शेण काढलं, गव्हाण झाडली, दारात सडा घातला. आत्यासासूबाई चिमणाबाई गेल्या त्या सकाळी मी एवढंच करत होते. गोठ्यातून त्यांच्या रोजच्या शिव्या आल्या नाहीत, म्हणून बघायला गेले. चंद्री म्हैस त्यांच्या अंगावर वाकून उभी होती.

वद्य १२
वकिलांनी मृत्युपत्र वाचलं. घर मला. अट एकच: चंद्रीची धार मी काढायची. लागोपाठ तीन दिवस तिनं दूध दिलं नाही, तर घर चुलत दीर केरबाचं.
आमचे हे प्लेगात गेले ते याच घरातून. पटका अजून खुंटीवर आहे. घर सुटणार नाही. अट सोपी आहे.

पौष शुद्ध २
दूध अर्धा शेर. शेजारच्या बाळाबाई म्हणाल्या, "म्हातारीच्या शिव्या ऐकल्याबिगार ती पान्हा सोडत न्हाय. घाल की गं दोन!"
मी अक्षरं आपली आपण शिकले, ती शिव्यांसाठी नव्हे. चंद्रीला पोथी वाचून दाखवते. डोळे मिटून ऐकते. सुधारते आहे.

शुद्ध ६
पावशेर. केरबा भिंती हातानं मोजून गेला. "वैनी, म्हशीला पोथी? उद्या कीर्तनाला उभी करशीला!"
चंद्री आता डोळे मिटत नाही. आत्यासासूबाई बघायच्या तशी एकटक बघते. गोडी लागली असावी.

शुद्ध ९
थेंब नाही. रंकाळ्यावर धुऊन आणली, दमली असेल.

शुद्ध १०
नाही. केरबानं आपली खाट ओसरीवर आणून टाकली. गोठ्यात म्हैस हलत नाही, तरी साखळी वाजते. वारा.

शुद्ध ११
शेवटी शिवी दिली. "मेले," म्हटलं. लगेच माफी मागितली. थेंब नाही.
दुपारी किल्ली दिली, यांचा पटका फडक्यात बांधला. संध्याकाळी केरबा धारेला बसला. लाथ खाल्ली. मग जे ओरडला ते लिहीत नाही. आवाज हुबेहूब आत्यासासूबाईंचा. चंद्रीनं पान्हा सोडला. पण याला धार काढता येईना. "वैनी, बघताय काय? बसा की!"

शुद्ध १३
केरबाचं माझ्यावाचून चालत नाही, हे त्याला कळलं. काल गोठ्यालगतची खोप मला दिली. आज पहाटे गोठ्याच्या दारात उभा राहून शिव्या देऊ लागला. चंद्रीलाच देतो आहे असं मी धरलं, आणि धार काढली.