तांबड्या रंगाची जागा

पिरनवाडीच्या वाटेवरचा माळ, शहापूर
मार्गशीर्ष वद्य, १९११

प्रिय अंजे,

कागद पिवळट दिसेल, धुराचा वासही येईल, पण घाबरू नकोस. इथून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला गंधकाची धुरी देतात, मगच ते टपालात पडतं. शहापुरात उंदीर पडले आणि पेठ ओस पडली, हे तंबाखूच्या गाडीवाल्यांकडून निपाणीला तुझ्या घरी मारुतीरावांच्या कानावर आलंच असेल. मी आणि आप्पा माळावर प्लेगच्या झोपड्यांत आहोत. आप्पांना गाठ आली होती. ती फुटली, वाहून गेली, आता ताप नाही. डॉक्टर म्हणतात, वाचले. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे बाकीचं तुला सावकाशीनं वाचता येईल.

इथं आजाऱ्यांच्या झोपड्या एका रांगेत आणि त्यांच्या घरच्यांच्या समोरच्या रांगेत. मधे चुन्याची रेघ आणि काथ्याची दोरी. दोरी ओलांडायची नाही. मला स्वतःला काही झालेलं नाही, पण सोडत नाहीत. सुटायची वेळ जवळ आली की आमच्या रांगेत कुणाला तरी कणकण येते आणि सगळ्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, डांबराचा आणि फिनेलचा वास, आणि माझ्या दारातून दिसणारं एकच दार, आप्पांचं. हाकेच्या अंतरावर ते बाजेवर पडलेले असतात. पाणी मागतात ते मला ऐकू येतं आणि ते द्यायला भरमू जातो. भरमू म्हणजे इथला शिपाई. मी धडधाकट माणूस, आणि दोरीला पोट लावून नुसता उभा. झोपडीत चार पावलं टाकण्यापुरतीच जागा, म्हणून मी आतल्या आत फिरत राहतो आणि भिंतीला लागलो की वळतो.

दिवाळीला मुंबईहून येताना रंगांची पेटी आणली होती, तेवढी आणि एक ट्रंक उचलून इथं आलो. त्या पेटीवरून घरात काय काय झालं ते तुला ठाऊक आहे. आप्पांनी शाळेत मुलांच्या पिढ्या चित्रकलेला बसवल्या, पण स्वतः पेन्सिल आणि खडू सोडून काही हातात धरलं नाही. मी तैलरंग शिकायला निघालो तेव्हा म्हणाले होते, "रेघ येत न्हाय म्हणून रंग फासायला चाललाय." त्यानंतर आम्ही बापलेक एकमेकांशी आईच्या तोंडूनच बोलत आलो. ते स्वयंपाकघराकडं बघून म्हणायचे, त्याला सांग जेवून घे म्हणावं. मी ताटावरून म्हणायचो, त्यांना सांग भूक नाही. आणि आई दोघांच्या मधे उभी राहून हसायची, की हे काय रं, कान भिंतीला हायत की तुमास्नी?

आप्पांचा ताप उतरला आणि ते शुद्धीवर आले, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "ही कुठं हाय?" मी दोरीपाशी उभा होतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, छाती नाजूक झालीय, मनाला धक्का बसेल असं काही बोलू नका. मी म्हटलं, उंदीर पडले त्याच दिवशी नंदगडला बायाक्का आत्याकडं पोचवली. ते "बरं केलंस" म्हणाले आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी विचारलं, पोचल्याचं पत्र आलं का? मी म्हटलं, टपाल तुंबलंय. तिसऱ्या दिवशी ते तोंड उघडणार तोच मी आत गेलो आणि पेटी काढून बसलो. अंजे, मला त्यावेळी चित्र काढायचं नव्हतं. आप्पांच्या आणि माझ्या मधे धरायला मला काहीतरी हवं होतं, एवढंच.

फळकुटावर जे होतं ते मांडलं. तांब्या, कंदील, दोन कांदे, एक गाडगं. कॅनव्हास एकच होता. दिवसभर खपून तो दाराच्या खांबाला आप्पांकडं तोंड करून टेकवला आणि बाजूला झालो. आप्पा कोपरावर उठले. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले, मग भरमूला काहीतरी सांगितलं. त्यांचा आवाज तेव्हा दोरीपर्यंतच पोचायचा, माझ्या दारापर्यंत नाही. भरमू दोरीपाशी येऊन म्हणाला, "मास्तर म्हंत्यात, तांब्या घसरायलाय."

मी चिडलो. मुंबईत शिकलेला मी, आणि हा निरोप. पण दोरीपर्यंत मागं सरकून पाहिलं तर तांब्या खरंच घसरत होता. तोंड वरून बघितल्यासारखं काढलं होतं आणि बूड समोरून. रंगाची सुरी घेऊन खरवडला आणि पुन्हा बसवला. दुसऱ्या दिवशी निरोप आला की कंदील, कांदा, गाडगं सगळी एकेकटी उभी आहेत, धर्मशाळेत परकी माणसं उभी राहतात तशी. एकाच्या आड दुसरं येऊ दे, एकाची सावली दुसऱ्याच्या अंगावर पडू दे. ते केलं. मग आप्पांना बसता यायला लागलं, आवाजही आला, आणि मधल्या भरमूची गरज उरली नाही. "सगळंच कशाला चकाकवलायस रं? कांदाबी चकाकतोय, गाडगंबी चकाकतंय. उजेड एकीकडनं येतोय न्हवं? तांब्याच्या पोटावर येक ठेव, बाकीचे पूस." मी पुसले. "सावलीत नुसतं काळं भरलायस. सावलीत कायतरी दिसतंय, नीट बघ." मी बघितलं. तांब्याच्या सावलीत कांद्याचा गुलाबी उजेड पडलेला होता. इतके दिवस डोळ्यांसमोर असून मला तो दिसला नव्हता.

मी मुंबईला निघाल्यापासून आप्पा माझ्याशी इतकं बोलले नव्हते. मला बरं वाटत होतं आणि त्याच वेळी भीतीही वाटत होती. कारण चित्र सुधारत होतं, म्हणजे संपत चाललं होतं. संपलं की ते खाली ठेवतील आणि पुन्हा विचारतील, पत्र आलं का? म्हणून मी काय केलं सांगू? आदल्या दिवशी जमलेलं सकाळी बिघडवून ठेवायला लागलो. गाडग्याचा काठ वाकडा करायचो, पुसलेली चकाकी परत आणायचो. आप्पांनी हे दोन दिवस चालू दिलं. मग एकदा म्हणाले, "जोत्या, काल नीट केलेलं आज का मोडलास?" मी कुंचला पुसत आत वळलो. बाहेर जायची वाट नव्हती, चित्रातून बाहेर पडायचीही नव्हती. त्या चार वस्तूंचा मला इतका वीट आला होता की उचलून माळावर भिरकावून द्याव्यात असं वाटायचं.

परवा आप्पा म्हणाले, "आता सगळं बसलंय. पण लई मातकट झालंय. माती, पितळ, कांदं. डोळ्याला थांबायला जागा न्हाय. येक तांबडं कायतरी ठेव त्यात." मी झोपडीभर तांबडं शोधलं. इथं काय असणार तांबडं? शेवटी ट्रंक उघडली. घरातलं बहुतेक सगळं जाळायला नेलं तेव्हा दोन-चार जिनसा मी औषधात बुडवून वाचवल्या होत्या. त्यात आईचा कुंकवाचा करंडा होता. सावंतवाडीचा, तांबड्या लाखेचा, पिवळ्या पट्टीचा. मी तो तांब्याच्या मागं अर्धवट दिसेल असा ठेवला. त्यावेळी माझ्या डोक्यात फक्त रंग होता, की दुसरंही काही होतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. संध्याकाळच्या आत तेवढा तांबडा भाग रंगवला, कॅनव्हास खांबाला टेकवला आणि वर बघितलं.

आप्पांनी डोळे बारीक केले नाहीत. ते चित्राकडं बघतच नव्हते. मागं फळकुटावरच्या खऱ्या करंड्याकडं बघत होते. तुझ्या लग्नाला निपाणीला येताना गाडी अर्ध्या वाटेवरून माघारी वळवून आईनं तो करंडा घेतला होता, तुला आठवतं. त्याच्याशिवाय ती वेस ओलांडत नव्हती. आप्पा भिंतीकडं तोंड करून पडले. भरमूनं पेज नेली ती तशीच परत आली.

काल सकाळी त्यांनी हाक मारली. मी दोरीपाशी गेलो.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"तुमाला भ्रम झालता त्याच दिवशी."

"जवळ कोण हुतं?"

"मी हुतो, आप्पा. घरातच गेली, इकडं आणायच्या आदी."

"तरास झाला तिला?"

"शेवटाला न्हाय झाला."

"बरं," ते म्हणाले. दोरीच्या अलीकडं मी, पलीकडं ते. मला त्यांच्या पायाला हात लावता आला नाही, त्यांना माझ्या डोक्याला लावता आला नाही. भरमू तोंड फिरवून उभा राहिला होता. मग आप्पा म्हणाले, "चित्र आण." मी आणून धरलं. त्यांनी मला ते छातीशी टेकवून नीट धरायला लावलं. "तांब्याच्या मागं का दडवलास? तिथं त्याची जागा न्हाय. पुढं घे. उजेडात घे." मी दिवसभर बसून तांब्या मागं सरकवला आणि करंडा पुढं घेतला. संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "आता बसलं." मग म्हणाले, "अंजनीला लिही. मला झुलवलास तसं तिला झुलवू नको."

आईच्या नावानं आलेली तुझी दोन्ही पत्रं शहापूरहून फिरून माझ्याकडं आली आणि मी ती फोडली. सहावा महिना लागलाय, पुढच्या महिन्यात न्यायला ये, तुझ्या हातचं खायचंय, असं तू तिला लिहिलंस. त्याचं उत्तर मला द्यायचं आहे, आणि म्हणून हे सगळं लिहिलं. सरळ पहिल्या ओळीत लिहायला बसलो होतो, ते जमलं नाही. हे वाक्य मी अजून कुणाजवळ उच्चारलेलं नाही. आप्पांजवळही म्हणावं लागलं नाही, त्यांचं त्यांना कळलं. तुझ्याजवळ मात्र मलाच म्हणायला हवं. अंजे, आपली आई गेली. तू इकडं येऊ नकोस. शहापुरात अजून माणसं मरतायत, आणि आम्ही दोघं दोरीच्या आतच आहोत, कधी सोडतील ते कुणी सांगत नाही. आप्पांच्या सांगण्यावरून मी नंदगडला लिहिलंय, बायाक्का आत्या बाळंतपणाला तुझ्याकडं निपाणीला येतील. त्या येईपर्यंत सासूबाईंना सोडून एकटी बसू नकोस, आणि पोटातल्यासाठी दोन घास खा. दोरी सुटली की मी आधी निपाणीची वाट धरीन. तोवर तू लिहीत जा. पत्रं आता माझ्या नावानं पाठव.

तुझाच,
जोती अण्णा