थुंकलेली कॉफी

४ जून

चि. भावड्यास ताईचे आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून दिले, खरं तर तुझा कान पिळावासा वाटतोय. तू जिन्यावरून पडलास हे मला तुझ्या बायकोच्या पत्रातून कळावं? दोन वर्षं पायांची आग होतेय, चादर लागली तरी कळवळतोस. नसांच्या दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी दोनदा वाढवल्या, पण गुण शून्य. नुसती गुंगी आणि तोल जाणं. वर ती लिहिते, डॉक्टरांनी कॉफीचं विचारलं तर तू छातीठोकपणे सांगितलंस, थेंबही घेत नाही. अरे, कॉफीच्या कारखान्यात चव बघायची नोकरी तुझी! रोज साठ कप पुढ्यात असतात!

औषधांच्या दुकानात जन्म गेला माझा. काही गोळ्यांचं कॉफीशी जमत नाही, म्हणून तर विचारतात ते. जा आणि खरं सांग.

चिडलेय, तरी जीव तुझ्यातच अडकलाय.
तुझी ताई

११ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकंच फिरलं. मी खोटं बोललो नाही. चव बघणारा कॉफी पीत नाही. चमच्यातून फुर्रकन ओढायची, जिभेवर घोळवायची आणि थुंकायची. गिळणाऱ्याला आमच्यात नवशिका म्हणतात. घरी मी कपाला हात लावत नाही, विचार तुझ्या लाडक्या भावजयीला.

आणि सांगितलं तर काय, सोडा म्हणतील. आग सोडली तर पाय बधिर, पायात बूट आहे की नाही ते कळत नाही मला, ताई. जीभ तेवढी शाबूत आहे. तीही घेऊन टाका म्हणावं.

रागावू नकोस असं लिहिणार नाही, मीही रागावलोय.
तुझा धाकटा

१९ जून

चि. भावड्यास आशीर्वाद, नाइलाजाने.

नवशिका म्हणे! तुझ्या कारखान्यात आले होते तेव्हा या डोळ्यांनी पाहिलंय. वाईट कॉफी थुंकतोस. चांगली लागली की डोळे मिटून खुशाल गिळतोस. उद्या जिन्यात डोकं फुटलं, तर ती जीभ काय चाटायची आहे? आणि खबरदार, गोळ्या आपल्या मनाने कमीजास्त करशील तर.

उत्तर नको, डॉक्टरांकडे जा.
ताई

८ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

गेलो. गिळतो तेही सांगितलं. डॉक्टर असे खेकसले की बाहेरचे पेशंट आत डोकावले. म्हणाले, सगळ्यांना होतं असं नाही, पण तुमच्या गोळीचा गुण कॉफीमुळे कमी होत असेल. बंद करून बघू. गोळ्यांचं प्रमाण त्यांनीच बदललं. साहेबांनी मला गोदामात पोती तपासायला बसवलंय. पहिले तीन दिवस डोकं ठणकत होतं. न पिणाऱ्याचं कॉफी सुटल्यावर ठणकत नाही, हे डॉक्टरांनी मुद्दाम ऐकवलं.

काल चादर पायांवर आली आणि मी ओरडलो नाही. बायको रडायला लागली. मी मात्र भडकलो. दोन वर्षं, ताई! माझ्या तोऱ्यापायी ती बिचारी दोन वर्षं माझ्या पायांवरची चादर हाताने उचलून धरत होती.

राग तुझ्यावर नाही. तू आणखी चार शिव्या घाल, त्या मला हव्यात.
तुझा नवशिका