पलीकडच्या पेशी मरतात

३ फेब्रुवारी, सोमवार

पलीकडच्या पेशी पुन्हा मेल्या!

स्क्रीनवर पलीकडच्या देशातली ती शास्त्रज्ञ शांतपणे म्हणाली, "तिसऱ्या दिवशी सगळ्या थंड." जणू मीच रात्रीत जाऊन गळा दाबून आले. आमच्या मात्र मजेत धडधडतायत. हृदयाच्या त्याच पेशी, तीच कृती, आणि त्यांना जगवणारा माझा अर्क तर इथूनच बाटलीत भरून पाठवलेला. शोधपत्रिकेचं म्हणणं साफ आहे — दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत जमलं तर निबंध छापू, नाहीतर नाही. म्हणजे माझी सात वर्षं त्या बाईच्या डिशमध्ये.

संचालक म्हणाले, "मोठं नाव आहे. सांभाळून घ्या."

कुणाला? तिला की पेशींना?

५ फेब्रुवारी, बुधवार

ती म्हणते, मीच येते. स्वतः बघते. दोन आठवडे राहते.

संचालकांनी लगेच बॅनर रंगवायला टाकला — 'आंतरराष्ट्रीय सहकार्य'.

९ फेब्रुवारी, रविवार

आली. उंच, काटकुळी, मोजकं बोलणारी. संस्थेच्या अतिथिगृहाचं गटार तुंबलंय, त्यामुळे सहकार्य आमच्या घरी उतरलं. नवरा उशी काखेत मारून बैठकीच्या खोलीत. "विज्ञानासाठी," म्हणाला. चेहरा मात्र विज्ञानाचा नव्हता.

सासूबाईंनी स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "ही नेमकी कशाला आलीय?"

"आमच्या पेशी हिच्याकडे मरतात म्हणून."

"मग इथे काय बघणार? तिकडेच काहीतरी बिघडलेलं असणार."

संचालकही हेच म्हणाले होते. त्यांना अर्धा तास लागला होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज तिने स्वतःच्या हाताने डिश लावल्या. आमचं टेबल, आमचा अर्क, हात तिचे. माझ्या कोपराशी दिवसभर उभी. हे आधी का? ते नंतर का? मला धड शिंकताही येईना. मग पेशींचे जुन्या वर्षांचे फोटो मागितले. सगळे! दाखवले. चिकित्सक आहे खरी. की आगाऊ? आमच्या दोघींची मोडकीतोडकी तिसरी भाषा — हा फरक तीत कळत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाहुणी आमच्या भाषेतला एक शब्द शिकली — "बरं". प्रत्येक गोष्टीला तोच. सासूबाई खूश. "किती समजूतदार! उलट उत्तर नाही की काही नाही." हे माझ्याकडे बघून.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तिच्या हातच्या पेशी जिवंत! सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली ती उठेचना. "या माझ्याच?" तुमच्याच, म्हटलं. म्हणजे हाताचा दोष नाही. मग राहिली ती जागा.

उठून सगळी खोली फिरली. मग पेशी उबेत ठेवणाऱ्या इन्क्युबेटरवर तळहात ठेवला. "हे नेहमीच असं थरथरतं?"

मला ओशाळल्यासारखं झालं. इन्क्युबेटरच्या ओट्याखालीच आमचा म्हातारा फ्रीज आहे, तो सुरू झाला की ओट्यासकट वरचं सगळं हलतं. मला तर आता जाणवतही नाही. "नवीन मागवलाय," म्हटलं — पसारा दिसल्यावर सांगतात तसं.

"नको! थांबा!" एवढा मोठा आवाज तिचा पहिल्यांदाच ऐकला.

फ्रीजमधलं सामान शेजारच्या खोलीत हलवलं, तो बंद केला आणि नव्या डिश लावल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुटी असली तरी दोघी जाऊन बघून आलो. पेशी मेल्या. आमच्या इन्क्युबेटरमध्ये, आमचा अर्क घालून, तिसऱ्या दिवशी. अगदी पलीकडच्यासारख्या! फक्त हादरे नव्हते.

दोघी वेड्यासारख्या हसलो. हृदयाच्या पेशी त्या — हलल्याशिवाय कशा जगतील? तिच्याकडची यंत्रं नवीकोरी. हूं की चूं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

संचालक भलतेच खूश. "अर्क अधिक कंपन! दुप्पट शोध!" बॅनरवर जागा उरलीय का, ते बघायला सांगितलं.

फ्रीज पुन्हा चालू केला. आणि एक गोष्ट कुणाला न सांगता केली. अर्क न घातलेल्या काही डिश, झाकणावर तसं लिहून, त्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. अशा डिश आजवर नेहमी शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवत आलो — सरमिसळ नको म्हणून. तिथे त्या मरायच्या, आणि आम्ही म्हणायचो, बघा, अर्काशिवाय जगत नाहीत. पण शेजारच्या खोलीत हादरे कुठे होते?

उगाच मनात आलं. काही निघणार नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

निघालं.

अर्क न घातलेल्या पेशी जिवंत आहेत. धडधडतायत. सात वर्षं मी त्यांना जे पाजत आले, त्याची त्यांना गरजच नव्हती.

पाहुणी नेमकी आज लॅबला आली नाही. सासूबाईंबरोबर बाजारात गेली. डिश माझ्या हातात, कचऱ्याचा डबा पायाशी. कितीतरी वेळ तशीच उभी.

मग संचालकांकडे गेले. त्यांनी आधी दार लावलं. "ती रविवारी जातेय ना? तोवर गप्प बसा. पुढचं पुढे बघू."

घरी नवऱ्याला सांगितलं.

"मग अर्क करतो काय?"

"काही नाही."

"सात वर्षं?"

"सात वर्षं."

तो उठला आणि माझ्या पुढ्यात चहा ठेवला. शहाणा माणूस आहे.

जेवताना पाहुणी समोरच होती. सासूबाई तिला आग्रह करत होत्या. 'गप्प बसा' — किती सोपं! बोलायला धीर लागतो, गप्प बसायला काय लागतं?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

सकाळी ती हात धूत होती, तेवढ्यात डिश तिच्यापुढे ठेवली. यात अर्क नाही, म्हटलं. तिने नळ बंद केला. बघितलं.

"कधी कळलं?"

"काल."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"काल धीर झाला नाही."

मला वाटलं, आता सामान आवरायला घेते. तिने हात पुसले. "पुन्हा लावू. सगळ्या डिश एकाच इन्क्युबेटरमध्ये. दोघी मिळून."

संचालकांनी आज माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेली. टॅक्सीत बसताना सासूबाई तिचे दोन्ही हात धरून रागावत होत्या — इतकं कमी खाऊन कसं चालेल! नवऱ्याला त्याची खोली परत मिळाली. घर मोठं वाटतंय. नको इतकं.

११ मार्च, मंगळवार

पलीकडच्या पेशी जगल्या! तिने डिश हलवणारं यंत्र बसवलं. अर्काचा थेंबही नाही. स्क्रीनवर दाखवल्या — इवल्या इवल्या, एका ठेक्यात. मी कॅमेरा बंद करून रडले. कशासाठी ते नक्की सांगता येणार नाही. अर्क गेला म्हणून असेल. पेशी जगल्या म्हणूनही.

निबंध दोघींच्या नावाने, नव्याने लिहायचा ठरलं.

१४ मार्च, शुक्रवार

तिचा फोन. म्हणाली, आता सांगायला हरकत नाही. तुम्ही खोटे निकाल दाखवता, असा शोधपत्रिकेला संशय होता. तपासायला मला पाठवलं होतं. आणि त्या बिनअर्काच्या डिश वीस तारखेला पहाटे, तुम्ही झोपेत असताना, मी जाऊन बघून आले होते. बाजारात मुद्दाम गेले — तुम्ही काय करता ते बघायचं होतं.

मी विचारलं, "मग अहवालात काय लिहिलंत?"

"खरं सांगतात. एक दिवस उशिरा," म्हणाली.