अण्णांची हाक

परळी,
दि. ११ मार्च २००२

चि. केदारनाथ,

शफीचाचाची दुवा. बंगलोरात बरा असशील. इकडं थर्मल वीजकेंद्राच्या राखेनं माझ्या सायबर कॅफेतले कीबोर्ड पांढरे झालेत. धंदा ठीक. पोरं रिझल्ट बघायला येतात आणि भलतंच बघत बसतात. तुझी आई दोन घास खाते.

टाइप केलेलं बोलून दाखवणारा प्रोग्राम तू अण्णांसाठी पाठवलेलास, त्याचं काय झालं, ते नीट सांगायचं राहिलं. पॅकेज तुझ्या ऑफिसातल्या लिनक्ससाठी बांधलेलं. माझ्या मशीनवरचं लिनक्स दुसऱ्याच जातीचं, मासिकासोबत फुकट आलेलं. पॅकेज बदलून घेतलं तरी ते एकेक फाइल मागत बसलं, ती दिली की दुसरी. तू फोनवर म्हणालास, "फोर्स लावा, चाचा." लावला, जबरदस्तीनं बसवलं. त्यानं सगळं ज्यावर चालतं ती मूळ लायब्ररीच आपल्या घरची आणून बसवली. मशीन साधी कमांडही घेईना, उत्तर देईना. तुझे अण्णा शेजारी बसून बघत होते. पाटीवर लिहिलं, "माझ्यासारखीच झाली."

मी म्हणालो, "अण्णा, पाटीवरच 'ये' लिहा, मी मेलनं पाठवतो." त्यांनी लिहिलं, "लिहून हाकललं नव्हतं." तुला ठाऊकच आहे. घरचं दुकान सोडून नोकरीला निघालास तेव्हा अण्णा म्हणालेले, "मी हाक मारल्याशिवाय उंबरा चढू नको." पुढं घशाच्या कॅन्सरनं त्यांचा आवाजच नेला, श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागलं.

मग मी सगळं पुसून लिनक्स पुन्हा टाकलं. त्या प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, नेटवरून उतरवला आणि माझ्याच मशीनवर बांधून काढला. इथल्या फोनलाइनवर उतरवायलाच लई वेळ गेला, तोवर अण्णा अंथरुणाला लागले. मशीन उचलून तुमच्या घरी नेली. पहिल्यांदा ती इंग्रज साहेबागत "कीडार, यी" म्हणाली. अण्णांचे खांदे हलले. हसले. स्पेलिंग मोडून-तोडून "केदार, ये" नीट आणलं, तेव्हा त्यांनी फोनकडं बोट केलं.

अण्णांच्या मातीच्या दिवशी तू फोनवर एवढंच विचारलंस, "बोलावलं होतं का त्यांनी?" मी गप्प राहिलो, आणि तू आला नाहीस. गप्प का म्हणून राहिलो, ते आता ऐक.

बोलावलं होतं. मी तुझा नंबर लावून रिसीव्हर मशीनच्या स्पीकरला धरला. तिकडं घंटी वाजत राहिली. कामावर असशील, न्हाणीत असशील. अण्णांनी तरी बटण दाबलं. मशीन बोलली, तिकडं घंटी चालूच. पुन्हा लावतो म्हणालो, तर माझा हात धरला. त्यांना वाटलं, तू मुद्दाम उचलला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. हे तुला कुठल्या तोंडानं सांगू?

पण मी टेपरेकॉर्डर दुरुस्त करून वर आलेला माणूस. आवाज तपासायला टेप चालू ठेवलेली. कॅसेट सोबत आहे. आवाज पूर्ण वाढव. मशीन बोलायच्या आधी हवा सुटल्यासारखं ऐकू येईल. ती टेपची खरखर नाही, माझे कान तेवढे पक्के आहेत. दोन फुसकारे आहेत, एक लांब, एक तोकडा. गळ्याच्या भोकातून आधी त्यांनी स्वतः "केदार, ये" म्हटलंय. मशीन मागून बोलली.

वाट बघणाऱ्या उरलेल्या दोघांपैकी एक,
शफीचाचा